सर्व मजकूर, सर्वांसाठी: कायद्याच्या सहा ओळींवर भाष्य

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या डिसेंबरात संसदेने मंजूर केला. १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याखालचे नियम निघाले. वेबसाइट आणि तिच्यावरचा मजकूर कसा असावा हे सांगणाऱ्या ओळी त्यात मोजक्याच आहेत: कलम ४२ मधल्या तीन, नियम १५ मधल्या दोन आणि कलम ४६ मधली एक. त्या सहा ओळी एकेक करून इथे वाचायच्या आहेत. मराठी मांडणी माझी आहे; ती अधिकृत भाषांतर म्हणून घेऊ नये.

ओळी दिल्लीत लिहिल्या गेल्या, पण त्या वाचायला मी अहिल्यानगर जिल्हा घेतला आहे. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर लोकसंख्या, एका टोकाला कळसूबाईच्या पायथ्याचे अकोले आणि दुसऱ्या टोकाला जामखेड. अकोल्याच्या डोंगरातल्या माणसाला नगरची एक खेप करायची तर अख्खा दिवस जातो आणि रोजही बुडतो. अशा जिल्ह्यात चालणारी वेबसाइट ही चैन नव्हे. आणि भाष्यासाठी याहून योग्य भूमी कोणती? याच जिल्ह्यातल्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली, ती मूळ ग्रंथ ज्यांच्यासाठी बंद होता त्यांच्यासाठी.

पहिली ओळ (कलम ४२, खंड १): समुचित शासनाने अशा उपाययोजना कराव्यात की, ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत उपलब्ध असलेला सर्व मजकूर सुगम्य स्वरूपात असेल.

‘समुचित शासन’ कोण, हे कायद्याच्या व्याख्येत सांगितले आहे. राज्य सरकार, राज्याच्या पैशावर मुख्यतः चालणाऱ्या संस्था आणि स्थानिक प्राधिकरणे यांची जबाबदारी राज्याकडे. केंद्राच्या संस्था आणि छावणी परिषदा यांची केंद्राकडे. नगरकरांना हा भेद कागदावर शोधावा लागत नाही. महापालिकेच्या हद्दीतून भिंगारच्या छावणीत शिरले की जबाबदार सरकार बदलते. कर्तव्य मात्र दोन्हीकडे तेच. जिल्हा परिषद, पंचायत समित्या, नगरपालिका, अगदी आठशे उंबऱ्यांची ग्रामपंचायतसुद्धा या व्याख्येत बसते. म्हणून ‘हे वरच्या कार्यालयाचे काम’ असे म्हणायला जागा उरत नाही.

‘सर्व मजकूर’ या दोन शब्दांवर या ओळीचा भार आहे. कायद्याने ‘महत्त्वाचा मजकूर’ किंवा ‘यापुढचा मजकूर’ असे म्हटलेले नाही. प्रत्यक्षात सुगम्यतेचे काम पहिल्या पानापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. मुखपृष्ठावरच्या मान्यवरांच्या छायाचित्रांना वर्णन मिळते, अक्षर मोठे करायचे बटण बसते, काम झाल्याचे कळवले जाते. पण पाथर्डीच्या माणसाला मुखपृष्ठ नको असते. त्याला घरकुलाच्या यादीत आपले नाव आहे का ते बघायचे असते. फेरफाराची नोटीस, भरतीची जाहिरात, टंचाईच्या काळात टँकरची मंजुरी, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, हा सगळा मजकूर दोन-तीन दुवे आत कुठेतरी असतो. ‘सर्व’ हा शब्द कायद्यात घातला गेला तो याच आतल्या पानांसाठी, असे मी मानतो.

‘सुगम्य स्वरूप’ कशाला म्हणायचे? ‘संप्रेषण’ या शब्दाची जी व्याख्या अधिनियमात आहे ती इथे उपयोगी पडते. ब्रेल, मोठा टाइप, सांकेतिक भाषा, ध्वनी, सुगम्य माहिती तंत्रज्ञान ही अपेक्षित नावे तिच्यात आहेतच. शिवाय दोन नावे अशी आहेत की त्यांच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही: सोपी भाषा आणि मानवी वाचक.

सोपी भाषा कायद्याच्या व्याख्येत आहे, हे प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावे. ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात झालेल्या पत्रात अर्ज नामंजूर झाल्याची बातमी तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी येते. डोळ्यांनी वाचणारा माणूस चटकन खाली नजर टाकून ती हुडकतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला सगळे उपरोक्त आणि अन्वये ऐकत शेवटापर्यंत जावे लागते. शेवगाव-पाथर्डीकडून सहा महिने ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या डोळ्यांना काही झालेले नसते, पण फडातल्या कोपीत बसून फोनवर हे पत्र वाचताना तिचीही गत तीच होते. अर्ज नामंजूर, कारण अमुक, पंधरा दिवसांत अमुक ठिकाणी अपील करा: एवढे तीन मुद्दे पहिल्या ओळीत दिले तर अंधाची सोय होते आणि तिचीही.

मानवी वाचकाबद्दल मात्र पूर्वपक्ष मांडायला हवा, कारण तो रोज मांडला जातो. पूर्वपक्ष असा: कायद्यानेच मानवी वाचक मान्य केला आहे, गावोगाव आपले सरकार सेवा केंद्रे आहेत, ज्याला वेबसाइट वाचता येत नाही त्याने केंद्रावर जावे, केंद्रचालक वाचून दाखवील, अर्जही भरून देईल. मग वेबसाइट बदलायची गरज काय?

उत्तरपक्षासाठी अधिनियमाची प्रस्तावना पुरेशी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कराराची जी तत्त्वे तिथे नोंदवली आहेत त्यांत पहिलेच तत्त्व माणसाची अंगभूत प्रतिष्ठा, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचे स्वातंत्र्य आणि स्वावलंबन यांचा आदर हे आहे. मानवी वाचक हा त्या स्वातंत्र्याचा एक पर्याय आहे. माणसाने तो आपणहून निवडावा, वेबसाइटने त्याला तिकडे ढकलू नये. केंद्रचालक बहुतेक ठिकाणी भला माणूस असतो, अडल्यानडल्याला उधारीवरही दाखला काढून देतो. तरीही त्याच्या टेबलापाशी काय घडते ते पाहावे. अंध शेतकरी आपला फोन त्याच्या हातात देतो. आलेला ओटीपी तो मोठ्याने वाचतो. उत्पन्न किती, कर्ज किती, अपंगत्व किती टक्के, हे रांगेतल्या चौघांना ऐकू जाते. ज्याचा दाखला त्यालाच आपल्या अर्जात नेमके काय लिहिले गेले ते तपासता येत नाही. दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी केंद्र सरकारने जे पोर्टल चालवले आहे त्याच्या पत्त्यात ‘स्वावलंबन’ हा शब्दच आहे. सुगम्यतेची माझी कसोटी त्या शब्दाइतकीच आहे: माणसाला हे काम आपल्या घरी बसून, आपल्या वेळेला, फोन दुसऱ्याच्या हाती न देता करता येते का? पुढच्या पाचही ओळी मी याच कसोटीवर वाचणार आहे.

दुसरी ओळ (कलम ४२, खंड २): ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषेतील निवेदन आणि मथळापट्टी देऊन दिव्यांग व्यक्तींना इलेक्ट्रॉनिक माध्यमांचा लाभ घेता येईल.

तीन साधने तीन गरजांसाठी आहेत आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या परिसरात शेतीसल्ल्याचा व्हिडिओ ही आता रोजची गोष्ट आहे. समजा, डाळिंबावरच्या रोगाचा व्हिडिओ आहे. औषध लिटरला किती मिली, हे बोलणाऱ्याने फक्त तोंडाने सांगितले तर कर्णबधिर शेतकऱ्यापर्यंत ते पोचत नाही. फक्त पडद्यावर आकडा दाखवून ‘एवढे घ्या’ म्हटले तर अंध शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही. मात्रा चुकली की बाग जळते. आकडा बोलावा आणि लिहावाही, एवढीच ही शिस्त आहे. आपोआप तयार होणाऱ्या मराठी मथळ्यांवर विसंबू नये. कीटकनाशकांची नावे आणि आकडे, म्हणजे जिथे चूक सर्वांत महाग पडते तेच शब्द, यंत्र हमखास चुकते.

तिसरी ओळ (कलम ४२, खंड ३): दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध असतील.

इथे फार थांबायचे कारण नाही, कारण या ओळीतले सर्वांत मोठे उपकरण आज खिशात आहे. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर कंपनीकडूनच बसवलेला येतो. संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने त्याची सुरुवात केली. दोन्हींवर मराठी ऐकता येते. उपकरणाने आपले काम केले आहे. आता अडते ते उपकरणाला वाचायला काय दिले जाते तिथे.

चौथी ओळ (नियम १५, पोटनियम १, खंड ग): संकेतस्थळांसाठी मानक म्हणजे भारतीय शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे.

ही तत्त्वे पहिल्यांदा २००९ साली आली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. त्यांचा पाया जागतिक आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ साली वेब मजकुराच्या सुगम्यतेची पहिली तत्त्वे प्रसिद्ध केली, २००८ मध्ये दुसरी आवृत्ती, २०१८ आणि २०२३ मध्ये तिच्या सुधारणा. मजकूर जाणवला पाहिजे, वापरता आला पाहिजे, समजला पाहिजे आणि कोणत्याही साधनावर टिकला पाहिजे, असे चार भाग त्यांत आहेत. त्याखाली मोजता येतील अशा अटी आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढे अंतर हवे. अक्षर दुप्पट मोठे केले तरी मजकूर कापला जाऊ नये. माउस नसताना निव्वळ कळफलकावर सगळे काम व्हावे. अर्जात चूक झाली तर कुठल्या रकान्यात आणि कोणती, हे शब्दांत सांगावे. नुसती लाल चौकट पुरत नाही. भर उन्हात बांधावर उभा राहून फोन डोळ्यांजवळ धरणाऱ्या साठीतल्या शेतकऱ्याला दिव्यांग प्रमाणपत्र कधी लागणार नाही, पण फिक्या करड्या अक्षरांनी त्याचेही तेवढेच अडते.

अहिल्यानगर जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एका सामाईक व्यवस्थेवर उभे आहे. देशभरातल्या जिल्ह्यांच्या वेबसाइट त्याच व्यवस्थेवर आहेत आणि तिच्या पूर्ण नावातच ‘सुगम्य’ हा शब्द येतो. मधला पसारा ओलांडून थेट मजकुरावर नेणारा दुवा, अक्षराचा आकार बदलायची सोय, गडद पार्श्वभूमी, मराठी आणि इंग्रजी अशी निवड, हे सारे तयार मिळते. ही मोठी सोय आहे आणि ती करणाऱ्यांचे श्रेय त्यांना द्यायला हवे. मात्र चौकट तयार मिळते तशी आतली पाने तयार मिळत नाहीत. ती ज्या त्या कार्यालयातला कर्मचारी भरतो आणि त्याला कोणी काही शिकवलेले नसते.

दोन अडचणी मराठी पानांवर खास दिसतात. पहिली भाषेच्या खुणेची. प्रत्येक वेबपानाच्या उगमात पान कोणत्या भाषेत आहे ते सांगणारी खूण असते. मराठीसाठी ‘एम’ आणि ‘आर’ ही दोन अक्षरे. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, स्क्रीन रीडर मात्र आवाज निवडताना तिचाच आधार घेतो. साचा इंग्रजीतून उचलला आणि खूण बदलायची राहिली, की शुद्ध मराठी पान इंग्रजी आवाजाच्या हाती जाते. त्या आवाजाला देवनागरी येत नसेल तर ओळीच्या ओळी गळतात, किंवा अक्षरांची नावे एकामागून एक ऐकू येतात. दुरुस्ती दोन अक्षरांची आहे. एवढ्या स्वस्तात एवढा फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती मला माहीत नाही.

दुसरी अडचण कॅप्चाची. वाकडी-तिकडी अक्षरे ओळखून दाखवा म्हणजे तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध होईल, अशी ही परीक्षा आहे, आणि तिचा निकाल असा लागतो की अंध माणूस यंत्र ठरतो. आवाजी पर्याय असला तरी तो बहुधा इंग्रजीत, गोंगाट मिसळलेला. २०२३ च्या जागतिक सुधारणेने प्रवेशाच्या टप्प्यावर अशी आठवणीची किंवा कोडे सोडवण्याची सक्ती नको, पर्यायी वाट हवी, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यात ओटीपीची मुदत आणि पानाची वेळ संपणे यांची भर पडते. भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्यांवर संदेश उशिरा पोचतो, तोवर पान ‘सत्र समाप्त’ म्हणते आणि भरलेला अर्ज पुसला जातो. वेळ वाढवून मागायची सोय आणि भरलेले जपून ठेवायची सोय, या दोन्ही जागतिक तत्त्वांत केव्हाच्या आहेत. रेंज नसणे हे काही अपंगत्व नव्हे, तरी उपाय दोघांचा एकच.

या ओळीवर सर्वोच्च न्यायालयाचेही भाष्य झाले आहे आणि ते माझ्या भाष्याहून फार मोलाचे आहे. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्याने २००५ साली दाखल केलेल्या जनहित याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल आला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने म्हटले की अधिनियम आज्ञा देतो, नियम १५(१) मात्र मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो, आणि मार्गदर्शन म्हणजे शिफारस. आज्ञेचे रूपांतर शिफारशीत करण्याचा अधिकार नियमाला नाही. म्हणून तो पोटनियम अधिनियमाशी विसंगत ठरला. किमान, तडजोड न होणाऱ्या अटी वेगळ्या काढून त्यांचे बंधनकारक नियम तीन महिन्यांत करावेत, असा आदेश केंद्राला झाला. तालुक्याच्या पातळीवर या निकालाचा अर्थ सरळ आहे. ‘ती तर मार्गदर्शक तत्त्वे आहेत, जमेल तेव्हा पाळू’ हा बचाव न्यायालयाने काढून घेतला आहे.

पाचवी ओळ (त्याच खंडातील पुढचा भाग): संकेतस्थळांवर ठेवायचे दस्तऐवज ईपब किंवा ओसीआर-आधारित पीडीएफ स्वरूपात असावेत.

सहा ओळींत सर्वांत जास्त मोडली जाते ती ही. ती मोडणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, म्हणून ती कशी मोडते ते टप्प्याटप्प्याने पाहणे उपयोगाचे आहे.

लिपिक संगणकावर नोटीस टंकतो. त्या क्षणी ती जिवंत मजकूर असते: शोधता येते, मोठी करता येते, कोणताही स्क्रीन रीडर ती वाचतो. मग तिची प्रत निघते. साहेबांची सही होते, गोल शिक्का उमटतो, जावक क्रमांक पडतो. सही-शिक्क्याचा कागद स्कॅनरवर, घाईत असेल तर फोनच्या कॅमेऱ्याखाली जातो आणि त्याची पीडीएफ वेबसाइटवर चढते. आता त्या फाइलमध्ये एकही अक्षर उरलेले नाही. जे आहे ते कागदाचे छायाचित्र. स्क्रीन रीडर ‘ग्राफिक’ एवढेच म्हणतो, किंवा दस्तऐवज रिकामा असल्याचे सांगतो. तासाभरापूर्वी वाचता येत असलेली नोटीस सहीसाठी मुकी झाली.

सही हवीच, हे मान्य. पण वाट बंद नाही. राज्य शासनाचे शासन निर्णय संकेतस्थळावर येतात तेव्हा त्यांच्या शेवटी संकेतांक दिलेला असतो आणि निर्णय डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याची नोंद असते. मंत्रालयात जे चालते ते पंचायत समितीत चालायला अडचण नसावी. डिजिटल स्वाक्षरी मिळेपर्यंत साधा उपाय असा की स्कॅनच्या शेजारी टंकलेली मूळ फाइलही चढवावी. ती संगणकात असतेच.

‘ओसीआर-आधारित’ या शब्दांवर माझा आक्षेप आहे. चित्रावरून यंत्राने अक्षरे ओळखून फाइलच्या पोटात घातली की नियमाची ओळ पाळली गेली असे होते. पण देवनागरीत जोडाक्षरे, रफार, शिक्क्याखाली दबलेल्या ओळी आणि तिरका कागद यांत ओळख चुकते, आणि नावे व आकडे चुकणे म्हणजे यादी चुकणे. शिवाय नुसती अक्षरे मिळाली म्हणजे दस्तऐवज वाचता आला असे नाही. शीर्षक कुठले, तक्ता कुठला, आधी काय वाचायचे, ही रचना त्यात लागते. नियमाची ही ओळ जागतिक तत्त्वांच्या बरीच खाली थांबते. मे २०२३ मध्ये केंद्राने नियमांत भारतीय मानक आयएस १७८०२ आणले. त्यात दस्तऐवजांच्या अपेक्षा याहून वरच्या आहेत. ही ओळ आता त्या मानकासोबतच वाचावी.

जुन्या फाँटांची कथा यात वेगळी सांगावी लागते, कारण ती सुशिक्षितांनाही माहीत नसते. युनिकोडच्या आधीचे मराठी फाँट रोमन कळांवर देवनागरी आकार बसवून चालत. कृतिदेव या अशाच एका फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकला तर संगणकाच्या लेखी तिथे ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात. ‘म’चा आकार ‘ई’च्या जागी, ‘र’चा ‘जे’च्या जागी, असे. डोळ्याला मराठी दिसते. स्क्रीन रीडर प्रामाणिकपणे ई-जे-के-बी-एच वाचतो. शोधपेटीत ‘मराठी’ टाकले तर ती फाइल सापडतही नाही, त्यामुळे डोळस माणूसही तिच्यापर्यंत पोचत नाही. अशा फाइली आजही कार्यालयांच्या संगणकांत आहेत आणि जुना नमुना उघडून तारीख बदलून नवी नोटीस काढण्याची सवय त्यांना जिवंत ठेवते. फाइल युनिकोडमध्ये एकदा नव्याने टंकणे हाच खात्रीचा इलाज. रूपांतर करणारी साधने आहेत, पण नंतर माणसाने एकदा वाचून घ्यावे.

तक्त्याचे उदाहरण सातबाऱ्याचे घेतो, कारण या जिल्ह्यात त्याच्याइतका वाचला जाणारा दुसरा तक्ता नाही. गाव नमुना सातमध्ये भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार, पोटखराबा, फेरफार क्रमांक असे रकाने असतात. क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत. डोळस माणूस ‘०.४०.००’ बघतो, वर नजर नेतो आणि हे चाळीस आर आपले क्षेत्र आहे हे जाणतो. हाच तक्ता वेबपानावर नुसत्या ओळी आखून केला असेल आणि रकान्यांची शीर्षके शीर्षके म्हणून नोंदवली नसतील, तर स्क्रीन रीडरवर ऐकू येते: शून्य, चाळीस, शून्य शून्य, शून्य, शून्य तीन, शून्य शून्य, एक, वीस, चारशे अकरा. यातले क्षेत्र कोणते, पोटखराबा कोणता, आकाराचे रुपये कोणते आणि फेरफार कोणता? सामाईक खात्यात पाच भावांची नावे असतील तर कोणता आकडा कोणाचा, हेही कळत नाही. शीर्षके नीट नोंदवली की तोच आवाज प्रत्येक आकड्याआधी रकान्याचे नाव सांगतो: ‘क्षेत्र, शून्य चाळीस शून्य शून्य’. वाटणीचा वाद चालू असताना आपला सातबारा आपल्या कानांनी, भावाला न विचारता ऐकता येणे याचे मोल किती, ते या जिल्ह्यातल्या कोणाला समजावून सांगायला नको.

सहावी ओळ (कलम ४६): सेवा पुरवणाऱ्यांनी, ते शासकीय असोत वा खाजगी, सुगम्यतेच्या नियमांनुसार सेवा द्याव्यात, नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांच्या आत.

‘शासकीय असोत वा खाजगी’ हा भाग नगर जिल्ह्यात विशेष काळजीने वाचायला हवा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हापासून इथला पैसा, पत आणि पाणी सहकारातून फिरते. कारखाना, दूध संघ, पतसंस्था, सोसायटी. सहकारी संस्था सरकारी नाही आणि मालकाची खाजगीही नाही, मग तिला ही ओळ लागू कशी, असा प्रश्न येऊ शकतो. अधिनियमाने तो उरू दिलेला नाही. ‘खाजगी आस्थापना’ या व्याख्येत कंपनी आणि फर्मनंतर लगेच सहकारी संस्थेचे नाव आहे. त्यापुढे न्यास, संस्था, कारखानाही आहेत. उसाचे वजन, दर आणि पैसे जमा झाल्याची माहिती ज्या अॅपवर मिळते ते अॅप, पतसंस्थेचे ऑनलाइन खाते, देवस्थानाची दर्शनपासाची नोंदणी, हे सारे या ओळीत आले.

बँकांबाबत आणखी एक निकाल आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या ज्या स्त्रियांचे डोळे निकामी झाले त्यांना ऑनलाइन केवायसी करताना ‘डोळे मिचकावा’ अशी अट येत होती. अंध याचिकाकर्त्याला कॅमेऱ्यासमोर चेहरा नीट धरणे अशक्य होत होते. न्यायालयाने वीस निर्देश दिले. जिवंतपणाची खूण म्हणून फक्त पापण्यांवर विसंबू नये आणि सुगम्यतेची ठरावीक काळाने तपासणी व्हावी, हे त्यांतले दोन.

‘दोन वर्षांच्या आत’ या मुदतीचा हिशेब सोपा आहे. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती जून २०१९ मध्ये संपली. उल्लंघनासाठी कलम ८९ मध्ये पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. मला दंडापेक्षा तक्रारीचा रस्ता महत्त्वाचा वाटतो. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे आणि साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांसाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तक्रार टपालाने करता येते. ‘वेबसाइट चालत नाही’ एवढ्या वाक्यावर काही होत नाही. कोणते पान, कोणत्या तारखेला, फोनवर टॉकबॅक की संगणकावर एनव्हीडीए, कोणत्या रकान्यापर्यंत काम झाले आणि तिथे कानावर काय आले, हे क्रमाने लिहावे. फाइल वाचता येत नसेल तर तिचे नाव द्यावे आणि मजकूर युनिकोडमध्ये मागावा. तक्रारीची एक प्रत त्या कार्यालयालाही पाठवावी. पुष्कळदा पान भरणाऱ्या कर्मचाऱ्याला अडचण तेव्हाच पहिल्यांदा कळते आणि आयुक्तांकडून विचारणा येण्याआधीच टंकलेली फाइल वर चढते.